संध्याकाळच्या लाँचपर्यंत

लाँच आम्हाला घारापुरीच्या धक्क्यावर उतरवून माघारी वळली, तेव्हा मला कोंडल्यासारखं झालं. बेटावर गाड्या नाहीत आणि संध्याकाळपर्यंत सुटका नाही. पत्नी गेल्यापासून घरात निदान दार लावून बसता येत होतं. ही पायी सहल लेकीनं गळ्यात मारलेली.

"जोड्या करा," गाइड मुलगी सगळ्यांना म्हणाली. "आपापल्या जोडीदारावर लक्ष ठेवा, म्हणजे कुणी मागे राहणार नाही."

मी समुद्राकडे बघत राहिलो.

"काका, तुमच्यासोबत कोण?"

"कोणी नाही."

"मग मी. पण मी भरभर चालते हं!"

चौफेर पाणी, नाही म्हणून जाणार कुठे? पायऱ्यांवर ती बरीच पुढे गेली.

"अगं, जरा हळू," मी म्हणालो.

इतकी वर्षं चालताना हे वाक्य माझ्या मागून यायचं, पत्नीच्या आवाजात.