एकोणिसातली चार मतं

नागाबाईला विहिरीच्या बैठकीत बसायला लागून बारा वर्षं झाली. नवरा देविदास गेला आणि अर्धापूरच्या सामायिक विहिरीवरची त्याची जागा तिच्याकडं आली. चुलत दीर तीन: शेषेराव, भुजंग, रामलिंग. त्यांची पाच-पाच एकर, हिची चार. एकराला एक मत. एकोणिसातली दहा पडली की ठराव पास. वाटणीत देविदासनं पाच एकर बरड सोडून हट्टानं चार एकर काळी घेतली होती, आणि भाऊ फसले म्हणून गावभर सांगत फिरला होता.

बैठकीत तिला मान होता. पहिला चहा तिला. शेषेराव मुद्दाम विचारायचे, "नागावहिनी, तुमी कोन्या बाजूनं?" ती विचार करून सांगायची. बाजारात भेटेल त्याला ऐकवायची, विहिरीवर माझीबी चार मतं हायेत.

यंदा तिची केळी निसवायला आली. खोडातून घड बाहेर पडायचे दिवस, ऐन चैत्र, आणि पाण्याची पाळी आठव्या दिवशी. तिला ती चौथ्या दिवशी हवी होती, दोनच महिने. तिनं भुजंगला गाठलं. त्याला ट्रॅक्टरसाठी तिच्या बांधावरून वाट पाहिजे होती. तिनं ती लिहून दिली. भुजंग शब्दाला जागला, बैठकीत तिच्यासाठी हात वर केला. दोघांची मिळून नऊ. शेषेराव आणि रामलिंग, दहा.

एका मतानं गेलं, असं ती घरी येऊन म्हणाली. आता रामलिंगला वळवते. लेक बबिता नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"रामलिंगकाका अन् तू किती, आई?"

"नऊ."

"शेषेरावकाका अन् तू?"

नागाबाईनं बोटांवर मोजलं. पुन्हा नऊच.

"त्या तिघातले दोघं एक झाले की दहा. तू असली काय, नसली काय. एकटाच तुज्याकडं आला तर नऊ. बारा वर्षांत तुजं मत कदी लागलंच न्हाई, आई. लागणार बी न्हाई."

"मंग मला इचारतेत कामून?"

बबितानं भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या बैठकीत नागाबाईनं चहा घेतला नाही. घराला एक मत करा, एवढंच मागितलं. शेषेराव मऊ आवाजात म्हणाले, "रीत बदलायची तर ठराव लागतो, वहिनी. मताला टाकू की."

टाकला. भुजंग खाली बघत राहिला. त्याचं काम झालं होतं. शेषेरावांनी वहीत लिहिलं, बाजूनं चार.

तीन आठवड्यांनी पाण्यावाचून घड खोडांच्या गळ्यातच अडकले. नागाबाई विळा घेऊन बागेत उतरली. पहिलं खोड कापलं, सोलून बघितलं. आत बोटाएवढ्या पांढऱ्या फण्या होत्या. ती दुसऱ्या खोडाकडं वळली.