मला बघायला आलेले पाहुणे आणि सामुराईचा पिक्चर

मला बघायला आलेल्या लोकांनी मला सामुराईच्या पिक्चरला नेलं होतं, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. देवगाव रंगारीचं स्थळ होतं. मुलाचं खताचं दुकान, घरची बागायत. गारखेड्यातल्या आमच्या घरी पोहे झाले, प्रश्न झाले, पण उत्तरं सगळी त्याच्या मामांनी दिली. मुलगा आपला बशीकडे बघत बसलेला. मला त्याला एकच विचारायचं होतं: लग्नानंतर माझी नोकरी राहील का? वाळूजच्या एका औषध कंपनीत मी तपासणी विभागात होते आणि त्या नोकरीत माझा जीव अडकला होता.

"पोरांना जरा बोलू द्या की," आत्या म्हणाली. स्थळ तिनंच आणलेलं. मामांनी लगेच तोडगा काढला, सगळे मिळून पिक्चरला जाऊ. पण प्रेमाबिमाचा नको, लग्नाआधी पोरापोरीनं शेजारी बसून तसलं बघणं बरं दिसत नाही. तलवारी आणि घोडे असले की पिक्चर सोज्वळ, हा मामांचा हिशेब. म्हणून हिंदीत डब केलेला जपानी सामुराई!

आणि बसलो कसे? एका टोकाला मी, मग आत्या, मग मामा आणि पलीकडे मुलगा. बोला आता!

पिक्चरचं तर काय सांगू? अर्धा वेळ नुसतं धुकं, कोण कुणाला मारतंय तेच दिसेना. राक्षस येणार, राक्षस येणार म्हणून तासभर ढोल बडवले आणि आला कोण? बैलाएवढा बेडूक! तोही गुलाबी धूर सोडणारा. नायकाची जादूची तलवार ट्यूबलाइटसारखी आधी फडफडायची, मग पेटायची. तोवर तो इज्जतीवर भाषण ठोकायचा आणि बेडूक बिचारा शहाण्यासारखा थांबून ऐकायचा.

"लई बोलतो ओ ह्यो," मामा म्हणाले. हे मामांनी म्हणावं! हसावं की रडावं, मला कळेना.

इंटरव्हलला समोसे आले तेव्हा मी पुढं वाकले आणि थेट मुलालाच विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी केलेली चालेल का तुम्हाला?"

त्यानं मामांकडे बघितलं.

"बघू की," मामा म्हणाले. "ते थोरल्यांनी बसून ठरवायचं असतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, देवानं तोंड दिलंय ना तुला?

इंटरव्हलनंतर बेडूक एकदाचा मेला. गाव वाचलं. आणि परवानगी न घेता तलवार का उपसली म्हणून सरदारानं नायकाला स्वतःचं पोट फाडायला सांगितलं. तो येडाही मुकाट गुडघ्यांवर बसला!

"अरं पळ की!" आत्या ओरडली. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मुलाचा आवाज ऐकू आला. "बरोबर केलं त्यानं. थोरल्यांचा शब्द मोडायचा नसतो." त्याचे डोळे भरून आले होते. असल्या भिकार पिक्चरला रडणारा अख्ख्या थेटरात तो एकटाच असेल. वाईट माणूस नव्हता हो तो. पण मला धडकीच भरली.

घरी आलो. चपला काढायच्या आधीच वडिलांनी आत्याला विचारलं, "काय मग, कसा वाटला मुलगा? होकार कळवू ना?" मी तिथंच उभी होते. आता आत्या व्हय म्हणणार आणि माझी नोकरी संपणार, असंच मला वाटलं.

"मला कशाला विचारतो दादा?" आत्या म्हणाली. "माझ्या वेळी तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. मला विचारलं का कुणी? नाय विचारलं. तिला विचार."

वडिलांना आत्याकडे बघवेना. ते माझ्याकडे वळले. "बोल बाई."

मी नाही म्हणाले, आणि रडायला आत्या लागली.