निळीचा पहिला हात

दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवते. चुन्याची बादली दाराशी ठेवून मी खाटेवर नुसती कलंडते. उद्या ईस्टर. आदल्या दिवशी आशेरच्या कबरीला चुना लावायचा हा आमच्या आईचा नेम. ती गेल्यावर माझा. आशेर माझा धाकटा भाऊ. फौजेत होता, सरहद्दीवर पडला. आणि आज सकाळी कबरस्थानाच्या कमिटीचा माणूस दारात उभं राहून सांगून गेलाय, "मावशी, जागा उरली नाही. ज्या दगडावरचं नाव वाचता येत नाही, ती कबर सोमवारी सपाट होणार." मी तशीच धावत गेले, ओल्या फडक्यानं दगड घासघास घासला. एक अक्षर दिसेल तर शपथ. शेजारी गोऱ्या साहेबांच्या जुन्या कबरी खुशाल वाचता येतात, माझ्या भावाची तेवढी येत नाही! संतापानं डोकं भणभणतंय. कधीतरी डोळा लागतो.

खाट गार लागते. पाठीखाली दगड आहे. मी कबरस्थानात आहे, पण चूल पेटलेली आहे आणि आशेर वर्दीतच पाटावर बसलाय. मिसरूड तेवढंच कोवळं.

"ताई, भाकर दे की."

"आधी नाव सांग तुझं. कमिटीला दाखवायचंय."

तो तोंड उघडतो. आवाज येत नाही, ओठांतून पांढरी भुकटी सांडते.

"आशेर, असं करू नको रे!"

"मी कुठं काय करतोय? तुम्हीच लावलाय," तो तोंड पुसत हसतो. "दर वर्षी एक हात. गोधडीवर गोधडी घालावी तसा. आत लई उकडतंय, ताई."

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडते आणि ओरडता ओरडता रडते. "आता मी काय करू? कुणाच्या पाया पडू?"

"आईनं लावलेला पहिला हात आठवतोय का?"

आठवतो. रडून रडून आईला दिसत नव्हतं, तिनं चुन्यात निळीची अख्खी पुडी उपडी केली. कबर निळीशार झाली, चर्चच्या मंडळीतली माणसं कुजबुजली. दुसऱ्या दिवशी तिनं वरून पांढरा हात दिला आणि पुन्हा घरात नीळ आणली नाही.

"निळ्यापर्यंत ये," आशेर म्हणतो. "त्याच्याखाली मी आहे."

चूल नाही. पाट नाही. समोर फक्त दगड, आणि मी नखांनी खरवडतेय. पांढरं, त्याखाली पांढरं, त्याखाली पुन्हा पांढरंच. मागून पहारी घेऊन माणसं येतायत. थांबा म्हणायला जाते तर माझ्याही तोंडातून चुनाच पडतो.

"ताई, लवकर गं."

नख मोडतं. कळ मस्तकात जाते.

जागी होते तेव्हा दारातून ऊन आत आलंय, बादली जागच्या जागी आहे. बोटं चुरचुरतायत. मी हात उजेडात धरते. उजव्या हाताचं एक नख खरंच मोडलंय, आणि त्याच्या आत निळं भरलंय. मी हात धुवत नाही. आहे, माझा भाऊ तिथं आहे, नाव शाबूत आहे त्याचं!

चुन्याची बादली अंगणात उपडी करते आणि खुरपं घेऊन निघते.