पोचलं का ते सांगा

१२ फेब्रुवारी. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांच्या पेट्यांवर लेबलं लावून घेत होते. वत्सलाच्या प्राचीचा फोन आला. "मावशी, आई गेली."

वत्सला पगारे आणि मी वीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या. मालाची गाडी सुटली की आम्ही बाकीच्या चहाला. ही फोनला चिकटलेली. ड्रायव्हर "निघालोय बाई" म्हणाला की हिचं ठरलेलं, "निघाला ते नका सांगू. पोचला का ते सांगा."

चाळिशीनंतर तिचे हात आपोआप उडू लागले, पाय झोकांड्या खाऊ लागले. नाशिकला द्वारका चौकात एका रिक्षावाल्याने प्यायलेली समजून तिला उतरवलं. तिच्या वडिलांचंही असंच होतं. गाव म्हणायचं, अंगात येतं. वत्सला भडकायची. "आमच्या अंगात देव-बिव येत नाही. जीन बिघडलाय. रिपोर्ट दाखवू?" तोच जीन मुलीत, प्राचीत, उतरण्याची शक्यता निम्मी होती.

डॉक्टरांनी समजावलं, त्या जीनला गप्प करणारं औषध बनतंय, पण रक्तातून मेंदूत शिरायला वेशीवरच पहारा आहे. म्हणून ते चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत, नॅनोकणांत, भरून आत धाडायचे प्रयोग चाललेत. सध्या उंदरांवर.

"म्हणजे माल आहे, पेटी जमत नाहीये."

"तुमच्या हयातीत जमेल असं सांगता येत नाही, बाई."

"माझ्यासाठी कोण मागतंय? आणि उंदरावरून माणसाचा पत्ता कसा कळेल? मी मेले की माझा मेंदू घ्या, रस्ता शोधा."

मुंबईच्या एका संशोधन संस्थेचा फॉर्म तिने उडत्या हातानेच भरला. तीन कागद फाटले. चौथ्यावर सही झाली, साक्षीदार मी.

ती गेली त्या दुपारी मी तिच्या घरी पोचले तेव्हा तिचा धाकटा भाऊ दारात आडवा उभा होता. "ताईचं डोकं नाय फोडू देणार."

प्राची शांतपणे म्हणाली, "मामा, तिच्या डोक्यातलं जिवंतपणी कुणाला बदलता आलं नाही. तुम्ही आता बदलणार?"

तो बाजूला झाला.

नाशिकच्याच हॉस्पिटलात डॉक्टरांनी मेंदू काढून बर्फाच्या पेटीत ठेवला. झाकणाची चिकटपट्टी मी दोनदा दाबून पाहिली. संध्याकाळी गाडी मुंबईला सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी हॉस्पिटलात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "कालच पाठवलंय, मॅडम."

"पाठवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय," मी म्हटलं. "पोचलं का ते सांगा." आणि ती मुंबईला विचारून येईपर्यंत फोन ठेवला नाही.