दहा इंची सुरा आणि अप्पांचा फणस

मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जंगलात जीव वाचवायचा सुरा लागत नाही. हे मला सुरा घेतल्यावर कळलं.

दहा इंची पातं, पाठीला करवतीसारखे दात, मुठीत होकायंत्र! (माझं जंगल म्हणजे बोरिवलीचं नॅशनल पार्क, तेही डांबरी रस्त्यावरून, हातात भेळ घेऊन.)

"याने तू करणार काय?" बायकोने, सविताने, विचारलं. "कांदा चिरशील?"

"हा कांद्यासाठी नसतो गं!"

"मग घेतलास कशाला?"

याचं उत्तर शोधत असतानाच गावाहून फणस आला. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, झाडाला यंदा एकच कापा फणस धरला होता. आमच्याकडेच राहणारे अप्पा चार दिवस तो खाटेखाली ठेवून टिचक्या मारून बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "फणस पिकलो! कोयती आण."

"कोयती कशाला, अप्पा? मी आहे ना!"

घरात चिकाचा राडा नको म्हणून सविताने मला बाहेर जिन्याजवळ पेपर पसरून दिले. अप्पा म्हणाले, "पात्याक खोबरेल लाव आधी."

"अप्पा, हे परदेशी स्टील आहे. याला काही चिकटत नाही!"

सुरा अर्धा आत गेला आणि तिथेच बसला. दात सालीत अडकले, वर चीक. ओढला, हलेना. मूठ दोन्ही हातांनी धरली, तर हातच मुठीला चिकटले! मग मी जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. मी फणसावर पाय ठेवला.

"अरे, अन्नाक पाय?" अप्पा ओरडले.

सुरा सटकन सुटला, मी मागे आपटलो, आणि पायाच्या रेट्याने फणस निघाला जिना उतरायला. धप! धप! तळमजल्यावर जाऊन तो फुटला. खालून वॉचमन ओरडला, "साहब, ये किसका है?"

खरं सांगतो, 'शेजाऱ्यांचा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

अप्पा गुडघे धरत दोन मजले उतरले, फुटका फणस उचलून वर आणला. अर्ध्याअधिक गऱ्यांना माती लागली होती. वर्षभर वाट बघितलेला तो एकच फणस! शरमेने माझी मान वर होईना.

अप्पांनी कोयतीला तेल लावलं आणि पाच मिनिटांत उरलेले गरे काढले. वॉचमनलाही पाठवले. माझी दहाही बोटं अजून एकमेकांना चिकटलेली होती, सविता त्यांवर खोबरेल चोळत होती. अप्पांनी सगळ्यात मोठा गरा माझ्या तोंडासमोर धरला.

"आ कर."

पंचेचाळीस वर्षांच्या मी आ केला.

"जंगलात वाघ इलो तर त्याका सांग हां," अप्पा म्हणाले, "वायच थांब, माझी बायको तेल घेवन येता!"