मोहिनीच्या रक्तातली घंटी

मोहिनी माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून आली तेव्हाच मी ओळखलं, ही बाई एका जागी टिकणारी नाही. आर्वी-वर्धा फेरीत गाडी अर्धी रिकामी असली तरी ती बसायची नाही. दारापासून मागच्या बाकापर्यंत नुसत्या येरझारा. मी आरशातून बघायचो आणि वैतागायचो. एकदा ओरडलोच, "बस ना बाई एका जागी! मले चक्कर येऊन राह्यली."

"रूपरावभाऊ, तुम्ही रस्त्याकडे पाहा," ती हसून म्हणाली.

कारण पुढे तिनेच सांगितलं. महिन्यातले निम्मे दिवस तिच्या अंगावरून जायचं. खाकी ड्रेसवर डाग पडला, तर भरल्या गाडीत तोंड कुठे लपवणार? म्हणून उभी. हिरड्यांतूनही रक्त यायचं, चेहरा पांढराफटक पडलेला. घंटी मात्र खणखणीत द्यायची. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, मला मागे वळून बघावं लागायचं नाही.

एका खाजगी दवाखान्यात तिच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, मोजल्या. भरपूर निघाल्या. लगेच निकाल: रक्त चांगलं, म्हणजे गर्भपिशवी खराब, काढून टाका. ऑपरेशनची तारीखही ठरली. सासू देवकाबाई तयारच होती. "एक पोरगी झाली ना? माही त पंचविशीतच काढली. काय झालं मले? आपल्या गल्लीत पिशवीवाली बाई दाखव एखादी."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे पिशवी काढणं दुखरी दाढ काढण्याइतकं सोपं झालंय, आणि मला त्याचा संताप येतो. मोहिनीला आणखी एक लेकरू हवं होतं. ती घंटी द्यायला विसरू लागली. शेवटी मीच म्हटलं, "वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखव. आपली गाडी जातेच ना तिकडे."

मोहिनीने नंतर सांगितलं, तिथल्या डॉक्टर नंदिनी मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी नाकातून रक्त यायचं?"

"तासभर थांबत नव्हतं."

"मग पिशवीचा काय दोष? आधी पेशी काम करतात का ते पाहू." ताडून बघायला एका धडधाकट माणसाचंही रक्त हवं होतं. सोबत गेलेल्या देवकाबाईने पदर खोचून हात पुढे केला. औषध कुठलंच घेत नाही, म्हणाली.

तपासणी झाली आणि पंचाईत. सासूच्या पेशीही नीट गोळा होईनात! खोदून विचारल्यावर देवकाबाई म्हणाली, "ते हृदयाची बारीक गोळी व्हय? ते त मी रोज चहासंगं घेतो. ते काय औषध हाये?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. ती गोळी पेशींचे निरोपच अडवते. ताडायला दुसरं रक्त हवं, तपासणी पुन्हा. इकडे ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. मोहिनीचा नवरा सचिन पुण्याला कामावर. सुईला मी लहान पोरासारखा भितो, पण तिच्या त्या येरझारा आता माझ्याच छातीत सुरू झाल्या होत्या. सुट्टी टाकली आणि गेलो.

दोन नळ्यांत गढूळ पिवळसर पाणी होतं, एकीत माझ्या पेशी, दुसरीत तिच्या. जखमेत रक्तवाहिनीच्या भिंतीतले उघडे पडतात तसले बारीक धागे दोन्हींत सोडले. माझी नळी बघता बघता निवळली, पेशी एकमेकींना चिकटल्या होत्या. तिची तशीच गढूळ. मोहिनी खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत गेली, परत आली.

पुढची तपासणी झाल्यावर मॅडमनी बोलावून सांगितलं, "धाग्याचा स्पर्श झाला की पेशीच्या अंगावरचं एक प्रोटीन आत निरोप पाठवतं: थांब, चिकट, बाकीच्यांना बोलाव. तुमच्या पेशी पुरेशा आहेत. ते प्रोटीन मात्र त्यांच्या अंगावर नाही."

"म्हंजे पाशिंजर चढले, ड्रायव्हर बी बसला, पण घंटीची दोरीच नाई," मोहिनी म्हणाली.

"अगदी. निरोपाच्या दुसऱ्या दोऱ्या शाबूत आहेत, त्यावर भागतंय. पण तयारी न करता ऑपरेशन केलं असतं, तर रक्त आवरणं कठीण होतं. पिशवी चांगली आहे. गोळ्या देते. दुसरं बाळंतपण मात्र इथेच, आमच्या नजरेखाली."

मोहिनी रडायला लागली. मलाही भरून आलं, लपवत नाही.

स्टुलावर बसलेली देवकाबाई एकदम म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माहं बी असंच जात होतं. मंग माही काऊन काढली?"

"तेव्हा रक्त तपासलं होतं?"

"कोणी इचारलं बी नाई. सासू म्हणे काढ, मी काढली."



परतीच्या गाडीत आम्ही तिघंही प्रवासी होतो. जागा होती, तरी मोहिनी सवयीने दांडा धरून उभी. देवकाबाई खिडकीशी बसली होती. मग तिने मोहिनीचा हात ओढला आणि शेजारच्या सीटवर आपला पदर पसरला.

"बस," ती म्हणाली. "लागला डाग, त माह्या पदराले लागन."