हॅलोताईची उघडी लाइन

आमच्या हॅलोताईला कुणी नावं ठेवली की मी आजही भांडायला उठते. फटकळ आहेच मी. पण काय झालं ते आधी नीट सांगते, मग बोला काय बोलायचं ते.

आमची कंपनी फ्रिज आणि गिझर दुरुस्त करून देते. हॅलोताई तिथली टेलिफोन ऑपरेटर. बाहेरचा फोन आत जोडायचा, आतला बाहेर. उभा जन्म त्या बोर्डापुढं गेला. लग्नाचं राहूनच गेलं, भाऊ-वहिनीकडे मागच्या खोलीत राहते. तिचा एक नियम होता. फोन जोडला की हेडफोन कानावरून खाली. "जोडणं माझं काम, ऐकणं नाही," म्हणायची. ऑफिसातली निम्मी लग्नं आणि झाडून सगळी भांडणं तिनं जोडून दिलेल्या फोनांवर झाली असतील, पण तिच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही.

मग कंपनीनं ऑफिस बंद केलं आणि आम्हाला घरून काम करा म्हणून सांगितलं. तक्रारी स्क्रीनवर लिहून यायच्या, आम्ही उत्तरं लिहायची. बोर्ड गेला, हॅलोताईला काम उरलं नाही. त्यात घरी बसून आमची पार रया गेली. मी तर चार चार दिवस केस विंचरत नव्हते. एकाच तक्रारीला दोघे उत्तरं द्यायचे आणि दुसरीला कुणीच नाही. साहेबांनी हॅलोताईला सांगितलं, "माणसं विस्कटलीत. तुम्ही बांधून ठेवा."

तिनं काय करावं? सगळ्यांना एका कॉलवर घेतलं आणि म्हणाली, "आता हा फोन दिवसभर बंद करायचा नाही. बोलायलाच पाहिजे असं नाही. आपापलं काम करा. नुसते असा."

आधी आम्ही हसलो. पण काय सांगू, जादू झाली! कुणाकडे नळ वाहतोय, कुणाचं पोरगं रडतंय, कुणाची सासू दार आपटतेय, आणि मधूनच कुणीतरी विचारतंय, "अगं, गिझर ठिबकतो म्हणणाऱ्याला काय उत्तर देऊ?" शेजारच्या खुर्चीवरचं माणूस परत मिळालं. काम भराभर उरकायला लागलं.

स्क्रीनवर आमच्या नावांखाली आणखी एक चौकोन असायचा. त्यावर लिहिलेलं 'ऑफिस'. ना चेहरा, ना आवाज. मीच विचारलं, हे कोण? हॅलोताई म्हणाली, "साहेब म्हणाले ते ऑफिसचं मशीन आहे, त्यातूनच लाइन चालते. बाहेरचं कुणी नाही गं. माझा शब्द." तिचा शब्द म्हणजे आम्हाला दगडावरची रेघ. आम्ही त्या चौकोनासमोर नवऱ्यांची उणीदुणी काढली, पोटदुख्या सांगितल्या, साहेबांच्या चालण्याची नक्कल केली.

आमच्यातल्या एका दाढीवाल्याला आम्ही दाढीच म्हणायचो, त्यानंही आपलं दुखणं तिथंच सांगितलं. वडील अंथरुणाला खिळलेले. बायको नोकरीला जायची, म्हणून दुपारी त्यांना आंघोळ घालायला त्याला उठावं लागायचं. "मी येईपर्यंत माझ्या तक्रारी कुणी बघाल का?" त्याला बिचाऱ्याला मागतानाही लाज वाटत होती. आम्ही वाटून घेतल्या. हॅलोताई रोज आठवण करून द्यायची, "दाढी उठलाय रे, सांभाळा."

एके दिवशी दाढीला साहेबांनी काढून टाकलं. कारण काय? दुपारी तो जागेवर नसतो आणि त्याचं काम दुसरे करतात. ही गोष्ट त्या लाइनीबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती.

दाढीनं हॅलोताईला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलंत?" तिनं देवाची शपथ घेतली, भावाची घेतली. पण साहेबांशी रोज बोलणारी ती एकटी. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्या दिवशी सगळे लाइनीवर आले ते हजेरी लावावी तसे. नळ नाही, पोरगं नाही, सासू नाही. सगळ्यांनी आवाज बंद करून ठेवलेले. हॅलोताई एकटीच विचारत होती, "अरे, कुणी बोला ना रे." मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात तिकडे तिचा मोबाइल वाजला. साहेबांचा. तिनं उचलला, घटकाभर ऐकलं, आणि जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. मोबाइलचा स्पीकर लावून तो कंप्युटरपाशी धरला.

"...नाही नाही, तुमचं कौतुकच करायला फोन केला," साहेब सांगत होते. "कोण काम करतं, कोण चुकवतं, घरबसल्या कळतं मला. लाइन तुमची, कान माझे! हा दाढीवाला नाहीतर सापडला असता का? आता दुसऱ्या शाखांनाही..."

आणि एकदम थांबले. त्यांच्याच टेबलावरच्या कंप्युटरमधून त्यांचाच आवाज त्यांना ऐकू गेला असणार. 'ऑफिस'चा चौकोन टपकन नाहीसा झाला.

केसानं गळा कापला मेल्यानं! मशीन म्हणे! आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. कुणी हॅलोताईची माफी मागितली, कुणी साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. मी तर जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मी दाढीला लगेच फोन लावला, सगळं सांगितलं, आणि हॅलोताईलाही त्याच फोनवर घेऊन तिचं त्याच्याशी बोलणं करून दिलं.

"माफ करा ताई, तुमच्यावर संशय घेतला," तो म्हणाला. मग म्हणाला, "साहेबांना माहीत नव्हतं ना, की सगळे ऐकताहेत?"

"नव्हतं," हॅलोताई म्हणाली.

"मलाही नव्हतं," दाढी म्हणाला. टोमणा नव्हता तो. साधंच म्हणाला बिचारा.

दाढीला कामावर परत घेतलं नाही. महिनाअखेरीला हॅलोताईलाही काढलं. तरी तिनं स्वतःच्या मोबाइलवरून नवी लाइन उघडली. आम्हाला लिहून पाठवलं, "आता ऑफिस नाही, फक्त आपण. सकाळी या." सगळ्यांनी लाल बदाम पाठवले, हात जोडले, "नक्की ताई" लिहिलं.

सकाळी मी गेले. चौकोन दोनच, तिचा आणि माझा. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, दोष तरी कुणाला द्यायचा? तिनं बरीच वाट पाहिली.

"येतील गं. तू काहीतरी बोल तोवर," ती म्हणाली. "तुझा आवाजच येत नाहीये."

माइक बिघडलाय, असं मी तिला लिहून कळवलं. बिघडला नव्हता.